कॅम्पातल्या बाजाचा नळा

मी नळा बोलतोय. पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा. बेळगावच्या कॅम्पात एक चर्च होतं, त्यातल्या मोठ्या बाजाला माझ्यासारखे कितीतरी नळे होते. साहेब लोक त्याला ऑर्गन म्हणत. भात्यातला वारा पोटात शिरला की आम्ही बोलायचो. एवढं मला नक्की ठाऊक आहे. यापुढचं मात्र जितकं आठवायला जावं तितका गुंता वाढतो, तेव्हा सांभाळून घ्या.

त्या चर्चमध्ये एकामागून एक दोन बाजे झाले. पहिला विलायतेहून जहाजानं आणि पुढे लोंढ्यावरून रेल्वेनं आला. बेळगावचा पाऊस त्याच्या भात्याच्या कातड्याला सोसला नाही, आणि लाकूड वाळवीनं फस्त केलं. मग दुसरा, त्याहून मोठा बाजा आला. तो बसवणाऱ्या कारागिरानं जुन्यातले धड नळे आणि नवे नळे एकाच टोपल्यात टाकले. मी त्या टोपल्यात होतो. पण जुन्यांतला की नव्यांतला, देव जाणे. जन्मदाखला मागायचा तरी कुणाकडे?

पुढे साहेब गेले, रविवारी बाकं रिकामी राहू लागली. तरी बाजा वाजायचा. त्याचा भाता हलवायला खानापूर तालुक्यातल्या एका खेड्याचा भावकू होता. आठवडाभर कॅम्पात हमाली, आणि रविवारी बाजाच्या मागं फळकुटावर बसून दांडा वरखाली करायचा. पुढची बाजू त्यानं कधी पाहिलीच नाही. शेवटच्या गाण्याच्या अखेरीला एक खोल सूर लागायचा, तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. तो सूर माझा होता का? आम्ही सगळे एकदमच बोलायचो. त्यात आपला आवाज कोणता, हे कळायचं कसं?

एका पावसाळ्यात छत बसलं. भिंती उतरवल्या, बाजा मोडून विटांच्या ढिगाशेजारी पडला. भावकू तिथं बराच वेळ उभा राहिला. मग हातभर लांबीचा, चकचकीत मी त्याच्या नजरेत भरलो. "ह्योच त्यो," असं म्हणत त्यानं मला मुकादमाकडून मागून घेतलं. मला कोण आनंद झाला! आज त्या जागी काय आहे, हेही मला धड ठाऊक नाही. भावकूचा मुलगा युवराज म्हणतो बँक आहे. त्याचा खडेबाजारातला मित्र म्हणतो, बँक नव्हे, गाड्या लावायची जागा.

गावात भावकूनं सांगितलं, देवीच्या पालखीपुढं वाजवायला कर्णा आणलाय. पण माझ्या अंगावर एक आडवी फट आहे. ढिगात पडून मी तडकलो, असं त्याला वाटलं. वारं निसटू नये म्हणून त्यानं लाख वितळवून ती फट बुजवली, वरून ओलं बोट फिरवून गुळगुळीत केली. इतक्या मायेनं मला आजवर कुणी हात लावला नव्हता. आणि ती फट म्हणजे माझं तोंड होतं.

पालखीच्या दिवशी गावातल्या धडधाकट गड्यांनी गाल फुगवून पाहिले. मी गप्पच. तेव्हापासून माझं नाव पडलं, भावकूचा मुका कर्णा. जत्रेत, लग्नात, पारावर त्याची टिंगल व्हायची. तो एवढंच म्हणायचा की हा बोलतो, मी माझ्या कानांनी ऐकलंय. माझ्यापायी त्याचं हसं होत होतं आणि मला तोंड उघडता येत नव्हतं. फार वाईट वाटायचं.

यंदा दसऱ्याच्या आधी युवराजनं माळा आवरला. जुनी भांडी पोत्यात भरली आणि मलाही मोडीत घालायचं ठरवलं. भावकू आता खाटेवरच असतो. तिथूनच त्यानं अडवलं.

"एकदा बोलू दे रं त्येला. मग घाल मोडीत."

खंडेनवमीला आमच्या घरी विळा, कोयता, कुदळ, सगळं घासून पुजतात. मला दरवर्षी नुसतं फडक्यानं पुसायचे. यंदा युवराजच्या बायकोनं, मंगलनं, जायच्या आधी तरी नीट उजळू दे म्हणून चिंच लावली आणि चुलीवरचं कढत पाणी ओतलं. लाख मऊ झाली. तिला तो मळ वाटला, तिनं केसातल्या आकड्यानं तो कोरून काढला. आत राहिलेलं पाणी जावं म्हणून माझ्या टोकाला ओठ लावून हळूच फुंकर घातली.

मी बोललो.

मंगल दचकली. खाटेवर भावकू उठून बसला. "परत फुक गं पोरी," तो म्हणाला. ती फुंकत राहिली, तो ऐकत राहिला. मग त्यानं मान हलवली.

"ह्यो न्हवं. त्यो बोलला की बुडाखालचं फळकूट थरथरायचं."

तेव्हा मला आठवलं. माझ्या मागं दीड पुरुष उंचीचा एक चौकोनी लाकडी नळा उभा असायचा, नुसतं खोकं वाटावं असा. तो खोल सूर त्याचा. म्हणजे इतकी वर्षं मी दुसऱ्याच्या नावावर या घरात राहिलो.

युवराजनं पोत्याकडे पाहिलं. भावकूनं मला मागून घेतलं आणि त्या फटीवरून बोट फिरवलं.

"ही तडक न्हवती व्हय," तो म्हणाला. "त्वांड व्हतं. आनि म्याच बुजीवलं." धोतराच्या सोग्यानं त्यानं मला पुसलं. मग म्हणाला, "युवराज, ह्येला न्यायचं न्हाय."

आता मी कोयत्याशेजारी आहे, अंगावर हळदकुंकू आहे. मी पहिल्या बाजाचा की दुसऱ्याचा, चर्चचा की देवीचा, मला अजून उमगलेलं नाही. तुमच्याकडे एकच मागणं. बेळगावात कुठं एखादा उंच चौकोनी लाकडी नळा पावसाच्या पाण्याची पन्हळ म्हणून लावलेला दिसला, तर त्याला सांगा, भावकू अजून तुझी आठवण काढतो. तुझ्या जागी मी आहे.