दाराबाहेरच्या खुंटीवरचा स्वेटर

मी एक स्वेटर बोलतोय. ऊबदार आहे, पण जरा लांबूनच ऐका. माझा काही नेम नाही.

लोक मला लोकरीचा समजतात. मी कृत्रिम धाग्याचा. बाळ झोपलं की त्याची आई मला विणायला घ्यायची. ते कुशीवर वळलं तरी तिचा टाका चुकायचा, असा तिचा जीव. बाळाचे बाबा कपाटांना रंग मारायच्या कारखान्यात. त्यांचा खोकला काही केल्या हटेना.

"अहो, हा घालून जा."

"तिथं सुतीच कपडे लागतात. थिनरची वाफ असते, ती ठिणगीनंही पेटते."

"मग वरून सुती कोट घाला की! कोणाला दिसतंय?"

झाकलं की भागलं, असं दोघांनाही वाटलं. मी मात्र आतल्या आत सदऱ्याला घासत होतो. अंगात बारीकशी वीज साठत होती. सांगणार कसं?

दुपारी रंगाच्या खोलीत बाबांना उकडायला लागलं. शेजारी थिनरचा डबा उघडा. त्यांनी कोट काढला आणि मला दोन्ही हातांनी वर ओढलं. मी नाकापर्यंत आलो. कुठेतरी बारीकसं तडतडलं.

"थांब! काढू नकोस!" कारखान्याचे मिस्त्री ओरडले. "आहेस तसाच बाहेर चल. कशालाही हात लावू नकोस. माझ्या आवाजाच्या मागे ये. हं, उंबरा आहे."

हात वर, डोकं माझ्यात, असे बाबा निघाले.

"बुजगावणं चालायला लागलं रे!" कोणीतरी हसलं.

पार फाटकापाशी गेल्यावर मिस्त्री म्हणाले, "आता काढ."

मी निघालो तो तडतडतच. बाबांचं बोट लोखंडी फाटकाला लागलं आणि चट्कन ठिणगी उडाली. हसणारा दोन पावलं मागे सरला.

"हीच आत उडाली असती तर?" मिस्त्रींनी बाबांचा खांदा धरला. "घरी लेकरू आहे ना रे तुझं?"

संध्याकाळी सगळं ऐकून बाळाच्या आईने बाळाला छातीशी घट्ट धरलं. "टाकूनच देते मेल्याला!"

"अगं, येता-जाता थंडी वाजते. फाटकापर्यंत राहू दे."

तेव्हापासून फाटकाजवळच्या खुंटीवर मी रोज लटकतो. तुमच्याही घरचं कोणी थिनर-पेट्रोलजवळ राबत असेल, तर माझ्यासारख्याला बाहेरच ठेवा. वरून कोट घालून लपवू नका. आम्ही रुसत नाही.

फक्त वाट बघणं सोसत नाही. आता भोंगा झालाय, एकेक जण बाहेर पडतोय. मिस्त्री आले, तो हसणाराही आला. बाबा अजून दिसत नाहीत, पण आतून त्यांचा खोकला ऐकू येतोय.