वहीत घातलेली नावं

एस्नार्ट न्जोव्हूने मुख्याध्यापकांच्या दारावर टकटक केली नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत हे पहिल्यांदाच. सरळ आत गेली आणि टेबलापाशी उभी राहिली.

"येलेसानीवरचं पत्र कुठंय?"

लाझारो कमांगा उकडलेलं रताळं सोलत बसले होते. "आधी कसे आहात, झोप लागली का, एवढं तरी विचाराल, मॅडम. घरी सगळे बरे?"

"बरे आहेत. पत्र कुठंय?"

त्यांनी सावकाश बोटं पुसली आणि खणातून कागद काढून पुढे सरकवला. येलेसानी डाका, चौथीची शिक्षिका, नोकरीत अजून कायम नाही. वर्गात खाद्यपदार्थ वाटले. वर्गावर ताबा राहिला नाही. चौतीस मुलांना वजाबाकी समजली नाही, हे तिने स्वतः लिहून कबूल केले आहे. सबब तिला कायम करू नये. पत्र शुक्रवारी जिल्हा कचेरीच्या टपालात जायचं होतं, आणि पुरावा म्हणून सोबत जायची होती निळ्या पुठ्ठ्याची वही.

ती वही पाहून एस्नार्टच्या अंगाची लाही लाही झाली. कारण वही तिची होती, आणि तिनेच ती या माणसाच्या हातात नेऊन दिली होती.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत या शाळेत प्रत्येक शिक्षक दार लावून शिकवायचा. शेजारच्या वर्गात काय चाललंय हे विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या पातेल्यावरचं झाकण उचलणं. एस्नार्टने आपलं दार उघडलं. या, मागच्या बाकावर बसा, माझं काय चुकतं ते बघा, म्हणाली. आधी सगळे हसले. म्हातारे साकाला सर पहिल्यांदा आले ते गंमत बघायला, आणि मग दर बुधवारी येऊ लागले. हळूहळू पाच जण झाले. आंब्याखाली बसून सगळ्यांनी मिळून एक तास आखायचा, चिठ्ठ्या टाकायच्या, जिचं नाव निघेल तिने शिकवायचं, बाकीच्यांनी मुलांमध्ये बसून मुलांकडे बघायचं, शिकवणारीकडे नाही. नंतर पहिलं बोलायचं ते शिकवणारीने, आणि पहिलं सांगायचं ते फसलेलं. ते वहीत उतरायचं. पण वहीत कोणाचं नाव नसे. 'आपला तास' एवढंच.

गेल्या महिन्यात जिल्ह्याकडून विचारणा आली, तुमचे शिक्षक एकत्र येऊन काय करतात? कमांगा गोड हसून म्हणाले होते, "मॅडम, वही द्या. आणि प्रत्येक तासापुढे नाव घाला हो. कळू दे साहेबांना, आमची माणसं किती राबतात!" आणि एस्नार्ट, शहाणी एस्नार्ट, रविवारी चर्चहून आल्यावर मक्याच्या पिठाची नशिमा चुलीवर ठेवून त्रेचाळीस तासांपुढे वळणदार अक्षरात नावं घालत बसली. वर अभिमानही वाटला तिला. मूर्ख बाई!

"सर, शेंगदाण्यांची कल्पना माझी होती," ती आता म्हणाली. "दशक सुटा करायचा तर दहा दहा दाण्यांचे ढीग द्या, असं मीच म्हणाले. भाजून मी आणले. फेब्रुवारीचा महिना, घरात धान्य संपलेलं, शेतातला मका अजून कोवळा, सकाळी अकराची वेळ. साठ उपाशी पोरांपुढे भाजलेले दाणे ठेवले आम्ही, आणि वजाबाकी करा म्हणालो. त्यांनी उत्तर खाल्लं! यात येलेसानीचा काय गुन्हा? तिची फक्त चिठ्ठी निघाली."

"वहीत नाव तिचं आहे," कमांगा म्हणाले. "आणि त्या नावाचं अक्षर तुमचं."

"तिने सभेत विचारलं, सातवीचा गणिताचा तास रिकामा का जातो. ते झोंबलंय तुम्हाला."

"मॅडम, रताळं थंड होतंय."

ती बाहेर आली. येलेसानी चौथीच्या दारात उभी होती. वय चोवीस, एरवी नुसती बडबड. आज तिने वाकून नमस्कारही केला नाही.

"आमायी," ती म्हणाली. आईला म्हणतात तसं ती एस्नार्टला आमायी म्हणे. "तुम्हीच सांगितलंत ना, खरं लिही, इथं कोणी हसत नाही? मी लिहिलं. मला वर्ग आवरला नाही, असं लिहिलं. माझ्या आईलासुद्धा मी हे सांगितलं नव्हतं."

साकाला सरांनी मध्ये तोंड घातलं. "जाऊ दे गं. हेडशी कोण भांडणार? मला निवृत्तीला दहा महिने राहिलेत."

"मग दहा महिने तोंड लपवून बसा!" एस्नार्ट कडाडली. "दोन वर्षं तिच्या बाकावर बसलात, तिच्या चुकांवरून शिकलात, आणि आता दहा महिने मोजताय? लाज वाटू द्या, बा साकाला!"

म्हाताऱ्याने मान खाली घातली. तिलाही वाईट वाटलं, पण राग ओसरला नाही. आणि त्याच रागात तिची नजर कचेरीबाहेरच्या फळ्यावर गेली. तिथं कमांगांच्या सहीशिक्क्याची सूचना होती, साहेब आले की दिसावी म्हणून लावलेली. 'या शाळेतील प्रत्येक शिक्षक सत्रातून एकदा सहकाऱ्यांसमोर तास घेईल. अपवाद नाही.'

"सातवीचं गणित कोणाकडे आहे?" तिने विचारलं.

साकाला सरांच्या मिश्या हलल्या. "हेडकडे. उद्या दुसरा तास," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, दुसऱ्या तासाला एस्नार्ट सातवीच्या मागच्या बाकावर जाऊन बसली, मांडीवर कोरी वही. शेजारी साकाला सर बसले. मग आणखी दोघी आल्या, आणि सगळ्यांत शेवटी येलेसानी. एका पोरीला एस्नार्टने सांगून धाडलं, हेड सरांना म्हण, वर्ग वाट बघतोय.

कमांगा दारात आले आणि थबकले. "हे काय?"

"सूचनेप्रमाणे, सर. अपवाद नाही."

एक्कावन्न मुलं उभी राहून एका सुरात 'गुड मॉर्निंग सर' म्हणाली. आता मागे कसं फिरणार? त्यांनी खडू घेतला. तीन आठवडे या वर्गात पाऊल न टाकलेल्या माणसाने अपूर्णांकांची बेरीज फळ्यावर सोडवली, भराभर, पाठ वर्गाकडे करून. एका मुलीने विचारलं, खालचे आकडे का बदलले? "नियम आहे. बस खाली." मग वळून त्यांनी विचारलं, "समजलं?"

"हो सऽऽर!" अख्खा वर्ग गरजला.

"सर," मागून एस्नार्ट म्हणाली, "आमच्यात शेवटी मुलांना एक गणित एकट्याने सोडवायला देतात."

दिलं. साकाला सरांनी बाकाबाकांतून फिरून वह्या पाहिल्या. बरोबर आलेली मुलं सहा.

मुलं सुट्टीला गेली. पाची जण बसून राहिले. एस्नार्टने पेनाचं टोपण काढलं. "शिकवणाऱ्याने पहिलं बोलायचं, सर. काय फसलं?"

"पोरंच मठ्ठ आहेत."

तिने लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं. "शिक्षक, लाझारो कमांगा. एक्कावन्नपैकी पंचेचाळीस मुलांना समजलं नाही. कारण, पोरं मठ्ठ." मग मान वर केली. "ही वही पण उद्याच्या टपालात घाला. तुमचं नाव आहे, अक्षर माझं आहे. आम्ही पाची जण सही करतो."

कमांगांचा चेहरा काळवंडला. "तुम्ही मला धमकी देताय?"

"तुम्ही तिला दिलीत, तिला काय म्हणतात?"

ते तरातरा निघून गेले. दुपारी निळी वही एस्नार्टच्या टेबलावर येऊन पडली, आत पत्राचे चार तुकडे. पुढे साकाला सर हा किस्सा बिअरवर इतक्यांदा सांगत राहिले की त्यात कमांगांना घेरी आल्याचंही घुसलं.

पुढच्या बुधवारी मंडळी आंब्याखाली जमली. चिठ्ठी परत येलेसानीचीच निघाली. यावेळी दाण्यांऐवजी बाटल्यांची झाकणं होती, मुलंही शांत होती, पण एकोणीस पोरं चारशे दोनमधल्या शून्यापाशी अडकली ती अडकलीच. मागच्या बाकावरून सगळ्यांना ते दिसलं. तास संपल्यावर सगळे परत सावलीत येऊन बसले.

"बोल गं," एस्नार्ट म्हणाली. "काय फसलं?"

येलेसानीने कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाचा मांडीवरचा पदर नीट केला. "काही नाही," ती म्हणाली. "सगळं छान झालं. तसंच लिहा."

एस्नार्टने बाकीच्यांकडे पाहिलं. एकीने झाडावर नजर लावली. साकाला सर बुटाचा बंद सोडून पुन्हा बांधू लागले. "हो, छान झालं," ते पुटपुटले.

एस्नार्टचा राग पुन्हा उसळला, पण आता तो कमांगांच्या दारापर्यंत जाईना. पत्र फाडता आलं, हे कसं फाडणार? कमांगांनी वही वापरली खरी. पण बंद दारं उघडायला लावून, माणसं उघडी पडल्यावर त्यांची नावं बाहेर कोणी नेली?

तिने निळी वही उघडली आणि नव्या पानावर तारीख घातली.

'शिक्षिका, एस्नार्ट न्जोव्हू. काय फसलं? मी नावं घातली. तुम्हाला न विचारता वही दिली. ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्यांना मी विकलं, आणि मला कळलंही नाही.'

वही तिने येलेसानीच्या मांडीवर ठेवली. येलेसानीने वाचलं. पुन्हा वाचलं. पेन पुढे केलं तर तिने ते घेतलं नाही.

"मी आज काही लिहिणार नाही, आमायी," ती म्हणाली. आवाजात अजून धार होती.

"नको लिहूस."

येलेसानी उठली. वही परत द्यायला हात पुढे केला, मग मागे घेतला, आणि ती तिने स्वतःच्या पिशवीत घातली.

"पण ही आता माझ्याकडे राहील," ती म्हणाली, आणि चौथीच्या वर्गाकडे चालू लागली.