मी विझल्यावर येणारा आवाज

मी नशिराबादजवळच्या कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारातला पिवळा दिवा बोलतोय. खांबावरून मला उतरवलंय आणि गाठींच्या शेडमागे एका पोत्यावर ठेवलंय. इथून मला काही दिसत नाही. फक्त ऐकू येतं.

अमृतलाल शेठांनी जिनिंग सुरू केलं तेव्हा मला मधल्या खांबावर चढवलं. सायरबाईंनी, त्यांच्या पत्नीने, खांबाला कुंकू लावलं. संध्याकाळी मी पहिल्यांदा लागलो तेव्हा कापूस निवडून थकलेल्या बायकांनी माझ्याकडे बघून हात जोडले. माणसांचं हे मला फार आवडायचं. दिवा कसला आहे ते ती बघत नाहीत. लागला की हात जोडतात.

पण माझी जात सोडियमच्या दिव्याची. मी एकदम लागत नाही. आधी गुलाबी, मग हळूहळू पिवळा होतो. आणि वीज डोळा मिटण्याएवढी जरी गेली, तरी ती परत आल्याबरोबर मला पेटता येत नाही. पोटातली धग निवावी लागते. तोवर आवारात काळोख.

चुडामण आमचा मुकादम. मुक्ताईनगरकडचा. कापसाचा ट्रक मागे घ्यायचा असला की तो मागे उभा राहून हाळी द्यायचा, "येऊ दे, येऊ दे... बस!" ड्रायव्हर आरशात बघायचेच नाहीत. त्याचा आवाज पुरायचा.

दिवाळीनंतरची संध्याकाळ होती. गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली. वीज गेली आणि लगेच आली. यंत्रं पुन्हा घरघरू लागली, मी मात्र काळाच होतो. एक ट्रक मागे येत होता. "येऊ दे, येऊ दे," एवढं ऐकू आलं. "बस" आलंच नाही.

मी पिवळा झालो तोवर लोकांनी चुडामणला ट्रक आणि मागची भिंत यांच्यामधून उचललं होतं. माझ्या उजेडात रक्त लाल दिसत नाही, काळं दिसतं. त्याची बायको इंदिराबाई धावत आली, तिला आधी ते ग्रीस वाटलं. तिने ते पदराने पुसलं.

पुढे तीच जिनिंगमध्ये कापसातला कचरा निवडायला येऊ लागली.

आणि दुसऱ्या हंगामात तो आवाज सुरू झाला.

धुळ्याचा ड्रायव्हर वना ट्रक मागे घेत होता. वीज गेली, मी विझलो. अंधारात कुणीतरी म्हणालं, "बस!" वनाने करकचून ब्रेक दाबला. खाली उतरला तर मागच्या चाकाशी कामावरची भिकुबाई वाकून सांडलेला कापूस गोळा करत होती.

"माले आवाज उना," वना म्हणाला. "मांगे कोन शे?"

"मी एकलीच," भिकुबाई म्हणाली. "मी तं बोललीच नाही."

त्यानंतर तो आवाज कितीदा तरी आला. मी विझलेलो असायचो तेव्हाच. म्हणून मी त्याला कधी पाहिलं नाही. मी पुन्हा गुलाबी होईपर्यंत भिंतीशी कुणी नसायचं. हमालांनी माझ्या खांबाशी नारळ फोडले, उदबत्त्या लावल्या. चुडामणभाऊ राखण करतो, असं सगळे म्हणू लागले.

मग शेठांच्या मुलाने, मननने, सगळ्या आवारात एलईडी लावायचं ठरवलं. वीज कमी लागेल आणि गेलेली वीज आली की दिवे त्याच क्षणी लागतील. हमाल आडवे आले. शेठही म्हणाले, "राहू दे, मनन. त्या खांबाला हात नको."

मनन इंदिराबाईकडे गेला. कापसाच्या ढिगाशी उकिडवा बसला.

"अक्का, तुम्ही नको म्हणालात तर मी थांबतो."

तिचे हात कापसातच होते. "कायले थांबतो, भाऊ? लोक म्हनता, ते राखन करता. किती दिवस करतीन? जित्ते होते तव्हा कधी येळेवर घरी आले नई. मेल्यावर तरी त्याह्यले सुट्टी द्या."

 दुसऱ्या दिवशी मला उतरवलं.

मी खांबाच्या बुडाशीच पडून होतो. संध्याकाळी नवे दिवे लागले. पांढरे, लख्ख, भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा दिसला. थोड्या वेळाने वीज गेली, आली, दिवे लगेच लागले. मागे येणारा ट्रक थांबला. ड्रायव्हरने इंजिन बंद करून कान दिला. हमालही थांबले. तो आवाज आला नाही. मग पोती उचलली गेली.

सुट्टी झाल्यावर इंदिराबाई भिंतीशी आली. डोक्यावर पदर घेतला. हळूच विचारलं, "आहा का?"

मग तिने भिंतीला कान लावला.

"गेले," ती म्हणाली आणि खाली बसली.

एक गोष्ट मननला ठाऊक नाही, हमालांनाही नाही. सुट्टी झाल्यावर ती रोज माझ्या खांबाखाली थांबायची. चपलेचा अंगठा तुटला, डोळ्यात कस्पट गेलं, असं काहीबाही निमित्त करून. ती वीज जायची वाट बघायची. कधी वीज जायची, कधी नाही. ज्या दिवशी वीज जायची आणि तो आवाज यायचा, त्या दिवशी ती भरभर चालत घरी जायची.

आता ती थांबत नाही. पायांचा आवाज सरळ फाटकाकडे जातो.

आवारातल्या लोकांनो, मला न्याल तेव्हा जपून न्या. माझ्या पोटात पारा आहे. भंगारात फोडू नका. आणि संध्याकाळी ती फाटकातून निघाली की तुमच्यापैकी कुणीतरी तिला नावाने हाक मारा. काही काम नसलं तरी मारा.