साठ वॅट ऊन

भिंतीवरच्या सौरविजेच्या पेटीत खट्ट झालं आणि इंटरनेटच्या थाळीचा हिरवा दिवा विझला.

दुपारच्या त्या निपचित वेळी अख्ख्या गावात तेवढाच आवाज. चटईवरची लेक, मोइया, कूस बदलून पुन्हा झोपली. टेबोरा मात्र उठून बसली. गेल्या रविवारीही असंच खट्ट झालं होतं, नेमकं नवरा, बाउरो, फोनवर बोलत असताना. मालवाहू जहाजावर जाऊन त्याला दहा महिने झाले होते. करार संपत आलेला, कंपनी आणखी नऊ महिने राहा म्हणत होती. "मी काय ठरवलंय ते ऐक," एवढं तो म्हणाला आणि छपरावरची उपग्रहाची थाळी बंद पडली. आज साडेचारला जहाज दूरच्या एका बंदराला लागणार होतं, तिथून तो फोन करणार होता. तासाभरापुरतं. मग पुन्हा पंधरा दिवस नुसतं पाणी.

तारावा बेटावर तीन आठवडे राहून टेबोरा सौरदिव्यांचं काम शिकून आली होती. गावातल्या चौदा घरांच्या बॅटऱ्या तीच बघायची. थाळी पुन्हा चालू करून, ती पाच अँपिअर ओढत असतानाच तिने मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट. दोन हात तारेपलीकडे, पेटीपाशी, साडेनऊ. म्हणजे बॅटरी धडधाकट आहे, पण पेटीला वाटतंय ती रिकामी झाली, म्हणून पेटी वीजच तोडून टाकते.

मधल्या मधे तीन व्होल्ट गेले कुठे? तीन भागिले पाच, शून्य दशांश सहा ओहम. एवढ्या जाड तारेला इतका रोध? तीन गुणिले पाच, पंधरा वॅट. नुसते तापून वाया चाललेले. तिने तारेच्या जोडाला बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं. खाऱ्या वाऱ्याने आत हिरवा थर धरला होता. दुसऱ्या कुणाच्या घरी असता तर तिने महिन्यापूर्वीच पकडला असता.

आंबून गेलेल्या माडीत फडकं बुडवून तिने जोड लख्ख घासला. आता पेटीपाशी बारा पूर्णांक दोन. थाळीचा दिवा लागला तो लागलाच. टेबोराने केस विंचरले. फोनवर चेहरा दिसतो ना.

चार वाजता बाउरोची आत्या आली. नेइ आरोइता. मागे ढकलगाडी घेऊन तिचा जावई. आत्या ऐसपैस बसली, मोइयाचे गाल ओढले, वाऱ्यापावसाचं बोलली. उद्या नातवाचा पहिला वाढदिवस, सगळं गाव जेवायला, मासे शीतपेटीत भरलेत आणि तिची बॅटरी सकाळीच मेली, असं सांगून झालं. मग आत्या सरळ बसली.

"पोरी, बुबुती करायला आलेय. तुझी बॅटरी दे."

बुबुती म्हणजे नात्यातल्या माणसाने तोंड उघडून मागणं. त्याला नाही म्हणायचं नसतं, अट घालायची नसते, आणि देताना चेहरा पाडला तर दिलेलंही फुकट जातं. टेबोराच्या डोक्यात आकडे धावत होते. शीतपेटी चार अँपिअर, थाळी पाच. थाळी तिकडे नेऊन दोन्ही एकदम लावली तर नऊ अँपिअरला ही म्हातारी बॅटरी मान टाकणार, आणि मासेही जाणार. बॅटरी मेली आहे म्हणावं, तर थाळीचा दिवा डोळ्यांसमोर जळतोय.

"न्या ना, आत्या," ती हसून म्हणाली. "तारा मी सोडून देते."

"तुझ्या घरी काय कमी आहे गं," आत्या उठता उठता म्हणाली. "गावाला वीज देणारी तू."

ढकलगाडी वळणाआड गेली, तेव्हा चार वीस झाले होते.

टेबोराने थाळीची तार थेट छपरावरच्या सौर पॅनेलला जोडली. सव्वादोन अँपिअर. थाळीला लागतात साठ वॅट, हे होतात सत्तावीस. ऊन खाजणाच्या बाजूला कललेलं आणि पॅनेल अजून आभाळाकडे तोंड करून. तिने शिडी लावून ते खाली काढलं, दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि सूर्याकडे फिरवलं.

"मोइया, मीटर धर. काय दिसतंय ते वाचत राहा."

"तीन. टिंब. पाच," मोइया म्हणाली. सहा वर्षांची, आकडे नुकतेच आलेले. "चार. टिंब. दोन. चार. टिंब. नऊ."

"तेरा व्होल्ट, चार पूर्णांक नऊ. चौसष्ट," टेबोरा पुटपुटली. दिवा लुकलुकला, स्थिर झाला. खांदे भरून आले, काच गळ्याला पोळत होती, तरी ती तसूभर हलली नाही.

चटईवरचा फोन वाजला. पोरीने बोट लावलं.

चेहरा आला नाही. आधी वाऱ्याची घरघर, मागे कुणीतरी परक्या भाषेत ओरडणं. मग, अगदी जवळून, बाउरोचा आवाज.

"मोइया?"

"बाबा!"

"मोइया, ऐक हां बाळा, मी तुला..."

खाजणावरून ढगाचा एक पुंजका सरकला. टेबोराने पॅनेल उजवीकडे फिरवून पाहिलं, डावीकडे, टाचा उंचावून. दिवा विझला, तरी मोइया शहाण्यासारखी वाचत राहिली. दोन. टिंब. एक. एक. टिंब. चार.

ढग गेला तोवर सूर्य माडांमागे उतरला होता. टेबोराने पॅनेल वाळूवर टेकवलं. हात सोडवेनात. मोइया अजून मीटर घेऊन, काळ्या फोनकडे बघत उभी होती.

"आई, त्याने तुला नाही, मला हाक मारली," ती हळूच म्हणाली. "काय सांगणार होता गं तो मला?"