एकच पाय

मी बटाटे सोलत होते, तेवढ्यात मॅलाकी दारात आला.

"काकू, गुरुवारी चारला तुमच्या कॅहलला चर्चमागच्या गल्लीत आणा. नशेचा माल विकतो तो. तुम्ही आणलंत तर एकच पाय. आम्हाला शोधायला लावलंत तर दोन्ही."

दाताच्या डॉक्टरची वेळ सांगावी तसं सांगत होता मेला! लहानपणी फटाका वाजला की माझ्याच सोफ्यामागे लपायचा हा. अठ्ठ्याण्णव साली इंग्रजांशी तह झाला तेव्हा याला धड दातही आले नव्हते. खरे लढलेले आता नातवंडांना शाळेत सोडतात, आणि हे दीडदमडीचे सेनापती अजून आयर्लंड एक करतायत. इंग्रज शिपाई आमच्या डेरी शहराच्या रस्त्यांवरून कधीच गेले. मग बंदूक चालवायची कुणावर? आमच्याच पोरांवर!

"माझ्या पोराचा गुडघा गोळीनं फोडून देश एक होणार का रे?"

"पोलिसांकडे तेवढं जाऊ नका, काकू." जाताजाता वळला. "आणि त्याला नवी जीन्स घालू नका. खराब होते."

शेजारच्या अट्रॅक्टानं दोन वर्षांपूर्वी स्वतःचा पोरगा डेक्लन असाच नेऊन दिला होता. ती म्हणाली, "आधी दुखण्याच्या गोळ्या दे. वर थोडी व्होडका. माझ्याला बरं पडलं."

"आई आहेस की कसाई गं?" मी तिला चांगलंच झापलं.

गुरुवारी साडेतीनला मी कॅहलला गोळ्या दिल्या. व्होडकाही ओतली. एकोणीस वर्षांचा घोडा, पण ग्लास मलाच त्याच्या तोंडाला लावावा लागला.

"आई, डावा सांगू ना त्यांना? उजव्यानं खेळतो मी."

"सांग," म्हटलं.

गल्लीत मॅलाकी तोंड बांधून उभा होता. "ते फडकं कशाला बांधलंस? शेंबूड दिसेल म्हणून?" मी म्हणाले. कॅहल पालथा झोपला. "डावा," म्हणाला. मी त्याचा हात धरला.

एकच आवाज झाला. मग पोराचा.

मी टॉवेल दाबून धरला. मॅलाकीनं स्वतःच अँब्युलन्सला फोन केला. "दहा मिनिटांत येईल, काकू. डावाच घेतलाय. एकच."

"थँक्यू, मॅलाकी," मी म्हणाले. आणि अगदी मनापासून म्हणाले.