डोळे विसावण्याची तिवई

सोमवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, सगळ्या जिला घार म्हणतात तिने माझ्यावरचा चषक उचलून फरशीवर ठेवला आणि ती माझ्यावर बसली. काम चालू होतं. बाकीच्या पाचजणींचे हात जागच्या जागी थांबले.

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तीन पाय, वर गोल फळी, पाठ टेकायला काही नाही. या कारखान्यात इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या भरतात आणि माझा मुक्काम तपासणी विभागात असतो. इथे सहा बायका सहा दिव्यांसमोर बसतात. प्रत्येकीपुढे अर्धा पांढरा, अर्धा काळा फलक. कुपी उचलायची, हलकेच कलती करायची, पाच सेकंद पांढऱ्यासमोर धरायची, पाच सेकंद काळ्यासमोर. पांढऱ्यावर केस दिसतो, काळ्यावर काचेची कपची दिसते. मग पुढची कुपी. अर्धा तास हे केलं की डोळे उघडे असतात, पण त्यांना दिसेनासं होतं.

पूर्वीच्या विभागप्रमुखांना सगळ्या मोठ्या बाई म्हणत. त्यांनी कारखान्याच्या सुताराला जुन्या खोक्यांच्या फळ्या देऊन मला करून घेतलं. "पाठीला टेकू लावू का?" त्याने विचारलं. "नको रे बाबा," मोठ्या बाई म्हणाल्या, "पोरी घोरायला लागतील."

मला खिडकीशी ठेवलं गेलं. दर अर्ध्या तासाने प्रत्येकीने यायचं, पाच मिनिटं बसायचं आणि लांबच्या पाण्याच्या टाकीकडे बघायचं. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजता आल्या की उठायचं. सहाजणींची पाच-पाच मिनिटं म्हणजे अर्धा तास. त्यामुळे मी कधी रिकामी नसे. अकरा वर्षं अशी गेली. घारीला घार हे नाव त्याच काळात पडलं, कारण तिच्या नजरेतून कण सुटत नसे. तिची धाकटी जाऊही इथेच लागली. अंगाने एवढीशी आणि तोंडाला खळ नाही, म्हणून ती चिमणी.

मोठ्या बाई निवृत्त झाल्या आणि नवे साहेब आले. माणूस वाईट नाही. पण माल लवकर सुटावा म्हणून वरून रोज तगादा, आणि साहेबांचं निम्मं लक्ष कायम फोनकडे. कारखान्याने त्यांच्यासाठी एक प्रशिक्षक बाई नेमल्या. माणसांकडून काम कसं करून घ्यावं, त्यांची उमेद कशी वाढवावी, हे त्या अधिकाऱ्यांना शिकवतात. महिन्यातून एकदा यायच्या, साहेबांच्या खोलीत तासभर बोलायच्या आणि जायच्या. दुसऱ्या भेटीत त्यांनी सुचवलं, की चांगल्या कामाचं कौतुक सगळ्यांना दिसेल असं करावं.

साहेबांनी चषक आणला. आठवड्यात सर्वांत जास्त कुप्या तपासेल तिचा तो. ठेवायला उजेडाची जागा हवी होती, आणि खिडकीशी मीच होते.

विसावा कुणी बंद केला नाही, मित्रांनो. फक्त बसायचं तर सगळ्यांदेखत चषक हलवावा लागे, आणि पाच मिनिटं बसलं की तीस कुप्या मागे पडत. पहिल्या शनिवारी मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू? टाळ्या झाल्या, फोटो निघाले, सफाईवाल्याने मला ओल्या फडक्याने पुसलं. महिन्याभरात मात्र ते पितळ मला टोचू लागलं. कुणी बसेचना. चिमणी डोळे चोळायची आणि कुणी पाहिलं का म्हणून चटकन हात खाली घ्यायची. तिची बडबडही बंद झाली. सहा माना खाली, आणि मी तीन पायांवर नुसती तळमळत उभी. घारीने पाच आठवडे सलग चषक जिंकला.

आज प्रशिक्षक बाई यायचा दिवस. त्या आणि साहेब दारात उभे होते, तेव्हाच घार माझ्यावर येऊन बसली.

"काय हो ताई, बरं वाटत नाही का?" साहेबांनी विचारलं.

"मला काही झालं नाही. माझी गेल्या आठवड्याची खोकी परत उघडा."

"का?"

"शुक्रवारी दुपारी एका कुपीत काहीतरी चमकलं. काळ्यासमोर. हात थांबेपर्यंत ती पुढे गेली होती. म्हटलं, दिव्याची तिरीप असेल."

"मग असेल तिरीप."

"पूर्वी मी तिरीप म्हणून सोडली असती का? तीन रात्री डोळ्याला डोळा नाही, साहेब."

"अहो जाऊबाई," चिमणी कुजबुजली, पण ऐकू सगळ्यांना गेलं, "कशाला अंगाशी आणताय?"

"माझ्या अंगाशी येईल ते येऊ दे. ते औषध ज्याच्या अंगात जाईल त्याचं काय?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "माल न्यायची गाडी दोनला आहे. शुक्रवारचीच उघडू. सगळी कशाला?"

"शुक्रवारी दिसलं म्हणून कळलं. बाकीच्या दिवशी काय दिसलं नाही, ते मला कसं कळणार?"

"आणि काही निघालंच नाही तर? मी वर काय सांगू? तुमच्या नोकरीवर बेतेल, ताई."

"माझं घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. एवढं मला कळतं."

साहेबांनी प्रशिक्षक बाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातली वही मिटली होती. "चषक मी सुचवला," त्या म्हणाल्या. "हे काम कसं चालतं, ते बघायला मी एकदाही इथे आले नव्हते."

"ते राहू द्या हो. आता काय करू, ते सांगा."

"ते तुम्हीच ठरवायचं. पण यांना शिक्षा झाली, तर उद्यापासून इथे तुम्हाला कुणी काही सांगणार नाही."

साहेबांनी गोदामात फोन लावला आणि सगळीच्या सगळी पंचाहत्तर खोकी परत मागवली. आधी शुक्रवारची तपासा, म्हणाले. दर अर्ध्या तासाने उठून तिवईवर बसायचं, हेही म्हणाले. घारीच्या नोकरीबद्दल मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही. स्वतःची खोकी स्वतः तपासता येत नाहीत, म्हणून ती भिंतीशी उभी राहिली. माझ्यावर पहिली चिमणी येऊन बसली. टाकीच्या शिडीच्या पायऱ्या मोजून झाल्यावरच ती उठली.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. पुढे तुम्ही कुणाचे तरी साहेब व्हाल. तेव्हा कुणाच्या कौतुकाचा चषक कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी, ती माणसं दमल्यावर कुठे बसतात, ते एकदा जाऊन बघा.

आता दुपारचा सव्वा वाजला आहे. शुक्रवारची तेराही खोकी तपासून झाली. त्यांत काही निघालं नाही. साहेबांना वरून फोन आला आहे आणि ते बाहेरच्या बोळात बोलत आहेत. चौदावं खोकं उघडायचं की थांबायचं, हे त्यांनी सांगितलेलं नाही. चिमणीने ते उघडलं आहे.