साडेआठची टोपली

मला जुनी म्हणा, वाकडी म्हणा, अडगळ म्हणा. मित्रांनो, ही सगळी विशेषणं ऐकून झाली आहेत माझी. फक्त 'बिचारी' म्हणू नका. मी वेताची टोपली आहे. एकतीस वर्षं मी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली गेले आणि खालून वर आले, आणि एवढ्या खेपांत एकच अंडं फुटलं. तेही दुकानदाराने वर साबण ठेवला म्हणून. त्यात माझी चूक नव्हती.

मला विणलं ते रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या एका बाईने. ऊन तापायच्या आत चार टोपल्या पुऱ्या करायच्या घाईत तिची एक काडी चुकली, म्हणून मी डावीकडे थोडी कलते. विकत घेणारीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"ही वाकडी आहे गं."

"वाकडी आहे म्हणून तुझ्यासाठी उरली. सरळ असती तर सकाळीच गेली असती."

दोघी हसल्या आणि माझं नशीब ठरलं.

विकत घेणारीला सगळी गल्ली शिवणमावशी म्हणायची. खिडकीशी तिचं पायमशीन होतं. नवरा लवकर गेला, मुलगा लहान, आणि मशीनवर दोघांचं पोट. पाय मारून मारून तिचे गुडघे असे गेले की तीन जिने उतरणं म्हणजे तिला अर्ध्या दिवसाचं काम. म्हणून तिने कपड्यांच्या कातरणांची वेणी घालून लांब दोर केला, तो माझ्या कडीला बांधला आणि मला खिडकीबाहेर सोडलं. पहिल्या दिवशी मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? खाली बघितलं तर फुटपाथ, आणि फुटपाथवर डोकं वर करून उभा असलेला एक चिडका माणूस.

तो खालचा किराणावाला. मावशी त्याला तोंडावर खडूसशेठ म्हणायची आणि तो तिला वरची बाई म्हणायचा. रोज सकाळी साडेआठला मी खाली जायचे. पोटात चिठ्ठी आणि पैसे. तो चिठ्ठी वाचायचा, माल भरायचा आणि दोर दोनदा ओढायचा. मग मी वर. मग वरून पहिला आवाज यायचा.

"अहो खडूसशेठ! हा कांदा आहे की लिंबू?"

"बाजारात असलेच आलेत, बाई."

"मग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांचं पाणी वाचवलंत म्हणायचं. बदलून द्या!"

आणि मी पुन्हा खाली. दोघांचं भांडण माझ्या पोटातून वर-खाली व्हायचं. दुसऱ्या मजल्यावरची बाई खिडकीत उभी राहून ते ऐकायची. मी तिच्यासमोरून जाताना ती पाव चाचपून ताजा आहे का बघायची. चोंबडी होती. पण तिचं लक्ष असायचं.

आता जी गोष्ट सांगते ती नीट ऐका. या दोघांत एक रीत पडली होती. कुणी ठरवली नव्हती. एकदा मावशी तापाने फणफणली आणि टोपली खाली आली नाही. नऊ वाजले. किराणावाल्याने गिऱ्हाइकांना थांबायला सांगितलं, गल्ला बंद केला आणि धापा टाकत तीन जिने चढून वर आला. दार वाजवलं, डॉक्टरला बोलावलं. तेव्हापासून नियमच झाला. साडेआठला टोपली. नऊपर्यंत आली नाही तर तो वर.

एकदा मावशी नुसती झोपून राहिली होती. तो घामाघूम होऊन दारात उभा.

"मेले का बघायला आलात?"

"हो. नाहीतर तुमची अंडी कुणाला विकू?"

"जा, जा. खाली गिऱ्हाइकं लुटायची राहिलीत ना तुमची."

दार आपटलं तिने. पण ती आत येऊन हसली, आणि त्या दिवशी मशीन जरा जास्तच वेगात चाललं. तो वर यायचा ते दया आली म्हणून नव्हे. दुकान चालवण्याचाच तो एक भाग होता, जसं सकाळी पायरी झाडणं.

मग गल्ली बदलायला लागली. एकदम नाही बदलली. आधी घड्याळं दुरुस्त करणारा उठला. मग रंगारी. मग बटणं आणि अस्तरं विकणारी दोघं बहीण-भाऊ. एकेका दुकानाला काच लागली आणि काचेआड थंड हवा आली. तयार कपडे इतके स्वस्त झाले की फाटलेलं शिवून कोण घेणार? मावशीचं मशीन आठवड्यातून एकदा चालू लागलं, मग त्यावर कापड झाकलं गेलं. मुलगा शिकून दुसऱ्या शहरात नोकरीला गेला. तो वाईट नव्हता. हे आधीच सांगते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल.

शेवटी किराणावाल्याचाही नंबर लागला. गिऱ्हाईक कमी झालं होतं, गाळ्याला एका मोठ्या कंपनीची मागणी आली होती, आणि दूर राहणारी मुलगी "बाबा, आता बास" म्हणून मागे लागली होती. त्याने दुकान विकलं. शेवटच्या दिवशी मी फुटपाथवर टेकले तेव्हा त्याने माझ्यात चहाचा पुडा ठेवला आणि चिठ्ठीतले पैसे चिठ्ठीतच राहू दिले. मग आत जाऊन त्याने साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि गल्ल्यामागच्या खांबाला चिकटवलं: 'साडेआठ – टोपली. नऊपर्यंत नाही आली तर वर जाणे.'

नव्या दुकानाचा मॅनेजर माप घ्यायला आला होता. किराणावाल्याने त्याला हाताला धरून बाहेर आणलं, मला दाखवलं, खिडकी दाखवली आणि सगळं समजावून सांगितलं. मॅनेजर फार गोड बोलला.

"हो काका, हो. लक्षात ठेवतो."

किराणावाल्याने वर बघून हात केला. "सांगून ठेवलंय, बाई!"

त्या माणसाला मनापासून वाटलं होतं की दुकान बदललं तरी दुकानाचं काम तेच राहतं. जो गाळा घेईल तो टोपलीही घेईल.

चार दिवसांनी मी खाली गेले तेव्हा भिंती रंगवणारे आत होते. पुठ्ठ्यावरूनच त्यांनी पांढरा रंग मारला. काढायचेही कष्ट घेतले नाहीत.

पुढच्या आठवड्यात दुकानावर पुढे आलेलं पत्र्याचं छत बसलं आणि त्यावर दिव्यांची अक्षरं. मी सुटले ती थेट पत्र्यावर. दोर सैल पडला. मावशीला तेव्हा नीट दिसत नव्हतं. दोर सैल म्हणजे टोपली पोचली, असं तिने धरलं. वरून ती ओरडत होती, "अहो, पाव आणि चहा! अहो, कोणी आहे का?" आणि मी कबुतरांच्या घाणीत बसून होते. खालून पाव घेऊन माणसं जात होती. त्यांच्या माझ्यात एक पत्रा होता.

चौथ्या दिवशी दुकानाचा पहारेकरी रस्त्यात जाऊन ओरडला, "आजी, टोपली वर घ्या! बोर्डाचा दिवा झाकला जातोय!"

"अरे, मग सामान कसं घेऊ?"

"आत येऊन घ्या ना! सगळे आतच येतात."

मग इमारतीच्या फलकावर सूचना लागली: खिडकीतून कोणतीही वस्तू खाली सोडू नये. सही करणाऱ्यांत ती दुसऱ्या मजल्यावरची बाईही होती. तिचा पाव आता दारात येत होता. माझ्यात डोकावायची गरज उरली नव्हती तिला.

मावशीने मुलाला फोन केला. तो सुट्टी काढून आला, नवा फोन घेऊन आला, आणि खरंच मनापासून म्हणाला, "आई, तुला आता काही करायचं नाही. मी तिथून मागवीन. रोज दूध, पाव, लागेल ते तुझ्या दारात. बघ, पोचलं की मला फोटो येतो."

"आणि कांदा बारीक निघाला तर भांडू कुणाशी?"

"भांडायचं कशाला? फोटो काढून पाठवायचा, पैसे परत येतात."

तो गेल्यावर मशीनवरचं कापड सारखं करत ती स्वतःशीच म्हणाली, "दिवसात एक माणूस बोलायला होतं. तेही पिशवीत घालून पाठवायला लागले."

सोय! हा शब्द ऐकला की माझ्या काड्या आवळतात. गल्लीभर सगळे म्हणत होते, किती सोय झाली. बेल वाजायची, मावशी भिंत धरत धरत दारापर्यंत पोचेपर्यंत आणणारा खाली पोचलेला असायचा. त्याला तरी काय बोलू? त्याला त्या तासात अजून पंधरा दारं गाठायची होती. ज्यांनी त्याला पंधरा दारं दिली त्यांना बोलते. आणि त्याचा चेहरा न बघता पिशवी उचलणाऱ्या तुम्हाला बोलते.

तरी मावशी रोज साडेआठला मला पत्र्यापर्यंत सोडायची आणि नऊला वर घ्यायची. सूचनेला तिने भीक घातली नाही. रिकामी जायचे मी, रिकामी यायचे. का, ते तिने कधी सांगितलं नाही. मला वाटतं, कुणीतरी बघत असेल अशी तिची आशा होती.

त्या सोमवारी मी खुंटीवर होते. साडेआठच्या जरा आधी ती माझ्याकडे यायला उठली आणि मशीनच्या पायात पाय अडकून पडली. आवाज मोठा झाला. खालच्या मजल्यावर ऐकू गेला असणार. नऊ वाजले. जिन्यात पावलं वाजली नाहीत. फोन दुसऱ्या खोलीत होता. अकराला बेल वाजली.

"आजी, ठेवतोय हो!"

ती हाक मारत होती. दार जाड, आवाज बारीक. पावलं उतरून गेली.

मंगळवारी पुन्हा अकराला बेल. "आजी, ठेवतोय!" दुपारपर्यंत ती बोलत होती. मुलाचं नाव घेत होती, पाणी मागत होती. एकदा "शेठ" म्हणाली. संध्याकाळी ती बोलायची थांबली.

बुधवारी दार वाजवलं ते समोरच्या शेजारणीने. काळजीने नाही. उकाड्याने दूध नासून पिशवी फुटली होती.

"मावशी! पिशव्या उचला की! जिनाभर मुंग्या झाल्यात, माझ्या घरात शिरतायत!"

मुंग्यांमुळे दार फोडलं, मित्रांनो. माणूस गेलं म्हणून नाही.

डॉक्टर म्हणाले, खुबा मोडला होता. नुसता खुबा मोडून कोणी दोन दिवसांत मरत नाही. ती तहानेने गेली. स्वयंपाकघरातला माठ तिच्यापासून दहा पावलांवर होता आणि दूध दाराबाहेर.

मुलगा आला. भिंतीशी बसून सगळ्यांना फोन दाखवत होता, रडत होता. "रोज पोचलं म्हणून येत होतं हो! हे बघा, सोमवारचा फोटो. हा मंगळवारचा. मला कसं कळणार?"

किराणावाला बातमी ऐकून आला होता. काठी टेकत तीन जिने चढला होता आणि त्याचा श्वास अजून खाली बसला नव्हता. त्याने फोन हातात घेतला, चष्मा वर केला आणि मंगळवारचा फोटो बराच वेळ बघितला.

"यात दोन पिशव्या आहेत," तो म्हणाला.

त्याने काचेवर बोट टेकवलं.

"सोमवारची उचललेली नाही, बाळा. इथे कोपऱ्यात दिसतेय बघ."

मुलाने फोन परत घेतला. त्याने तो फोटो मंगळवारी दुपारी बघितला होता, ऑफिसात, जेवता जेवता. बघितला होता आणि पुढे सरकवला होता. तो चिडून म्हणाला, "तुम्ही कोण सांगणारे? तुम्हीच दुकान विकून गेलात."

"गेलो," किराणावाला म्हणाला. "आणि टोपलीचं एका परक्याला सांगून मोकळा झालो. सांगायचं तर ते मी तुला सांगायला हवं होतं. मला वाटलं, ते दुकानाचं काम आहे. ते दुकानाचं नव्हतं, माझं होतं."

तो उतरून गेला. पुन्हा या गल्लीत दिसला नाही.

घर रिकामं करताना शेजारणीने मला चपला ठेवायला मागून घेतलं. दोर कापून टाकला. आता मी तिच्या दाराबाहेर, जिन्याच्या सपाटीवर असते. पोटात चार जोड, त्यात एक ओला. मावशीच्या घरात एक निवृत्त गृहस्थ भाड्याने राहायला आले आहेत. एकटेच असतात. येता-जाता माझ्याकडे बघून एकदा म्हणाले होते, "छान विणलीय. जरा कलतेय एवढंच." इतक्या वर्षांत कुणी माझ्याकडे नीट बघितलं असेल तर त्यांनी.

गोष्टीच्या शेवटी काहीतरी उपदेश हवा असतो म्हणे. वस्तू जपा, जुन्याला टाकू नका वगैरे. मला जपू नका. मी वेत आहे, चुलीत घातलं तरी चालेल. मला फक्त एवढं सांगायचं आहे की समोरच्या गृहस्थांची कालची पिशवी दाराबाहेर तशीच आहे आणि आजची तिच्या शेजारी आली आहे. शेजारीण सकाळपासून दोनदा त्या ओलांडून गेली. दुसऱ्या मजल्यावरची बाई इथूनच वर गच्चीत जाऊन कपडे वाळत घालून आली. आणणाऱ्याने फोटोही काढला.

मला हात नाहीत. तुम्ही जिन्यात उभे आहात ना? मग ती पिशवी ओलांडू नका. दार वाजवा. उघडेपर्यंत वाजवा.